बनुबाईची हळद

"हे झाकण," विष्णुपंत म्हणाले.

नाथाजीने टाचा जुळवल्या आणि तांदळाच्या डब्याचे झाकण उचलून छातीशी ढालीसारखे धरले. विष्णुपंतांनी मूठभर तांदूळ घेतले, दारातल्या उजेडात तळहातावर पसरले, बोटाने दोन-चारदा इकडून तिकडे केले आणि परत डब्यात सोडले.

"खडा नाही, किडा नाही. पुढचे."

"जी साब. तूरडाळ."

"अहो, साब कशाला? मी साधा अन्न निरीक्षक."

"सवय लागलीया, साब. सोळा साल फौजंत शिधा वाटला. तितं तुमच्यावानीच एक साब यायचा. त्यो तर चपाती उजेडाला धरून बगायचा."

दारातल्या बाकावर बसलेले लालासाहेब नाकातल्या नाकात हसले. "चपातीतनं पल्याडचं दिसत आसंल तर ती फौजंतलीच म्हनायची."

पाहणीला गावातले एखादे माणूस साक्षीला हवे, म्हणून विष्णुपंतांनी समोर दिसले त्यांना बोलावून घेतले होते. आल्यावर समजले की फाट्यावरचे जुने किराणा दुकान यांचेच. उद्यापासून त्यांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, नाथाजीचे दुकान उघडणार होते. लालासाहेब मात्र आनंदाने आले होते. सोयरिकीला आल्यासारखे पटका बांधून आले होते.

नव्या दुकानाची पाहणी विष्णुपंतांना मनापासून आवडे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मिरचीतली विटेची भुकटी, चहातला वाळवलेला चोथा, दुधातले पाणी असे काय काय त्यांच्या नाकाखालून गेले होते. पण ज्या दुकानातून अजून एकही जिन्नस विकला गेलेला नाही अशा जागी उभे राहिले, की त्यांना गोड गुंगी चढे. तिथे साबणाचा वास अजून साबणाच्या कागदातच असे. गुळाच्या ढेपेवर पहिली माशी बसायची असे. कुणी बाई तेल घ्यायला येईल आणि बोलता बोलता तेलच विसरून जाईल, कुणाचे पोर बिस्किटांच्या बरणीला नाक लावील आणि काचेवर वाफेचा गोल उमटेल, कुणी म्हातारा नुसताच टेकायला येईल. हे सगळे व्हायचे असे, आणि ते विष्णुपंतांना आधीच दिसे. लिहिता लिहिता त्यांचे पेन थांबे. समोरच्या दुकानदाराला मात्र वाटे, की साहेबांना खोट सापडली.

"काय चुकलं का, साब?" नाथाजीने विचारलेच.

"अं? नाही, नाही. चाललंय ते छान चाललंय."

आणि खरेच छान होते. नाथाजीच्या डोक्यात फौजेतली कँटीन होती. पहिल्या एसटीपासून शेवटच्या एसटीपर्यंत दुकान उघडे राहणार, गिऱ्हाइकाला इथे अमुक आणि तिथे तमुक असे हिंडायला लागणार नाही, एकाच छपराखाली मीठ, काडेपेटी, पाटी-पेन्सिल, दूध, झंडू बाम. रॉकेलचे पिंप त्याने बाहेरच्या पडवीत ठेवले होते, साबण एका भिंतीला आणि चहा दुसऱ्या भिंतीला. प्रत्येक डब्यावर शाईने नाव लिहिलेली पांढरी पट्टी होती. आज खंडेनवमी. नव्या तराजूच्या दांडीला झेंडूची माळ घातलेली होती आणि दोन्ही पारड्यांत एकेक फूल होते, त्यामुळे काटा अगदी मध्ये उभा होता. उद्या दसऱ्याला पहिला ग्राहक. गावाला आमंत्रण गेले होते.

परवान्यावर सही तेवढी व्हायची होती.

आतल्या दारातून बनुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. नाथाजीची बायको. पस्तिशीची असेल. उंच, उन्हाने तांबूस झालेली, बोटांच्या पेरांत कायमचा पिवळेपणा मुरलेली. "च्या घेत न्हाईसा म्हनं तुमी. पानी तरी?"

"पाणी घेतो की."

"आमची आत्याबाय म्हनत व्हती, सायेब आपल्या घरचं पानी बी नळीत घालून बगत्याल."

आतून एका म्हाताऱ्या आवाजाने "आगं गप की गं!" असे ओरडून सुनेला दटावले. विष्णुपंत हसले. त्यांच्या घरीही थोडेफार असेच होते. जेवताना ते ताटाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले, की त्यांची बायको सुहासिनी म्हणे, "बघून झालं असेल तर जेवा. मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." लग्नकार्यात त्यांना आग्रहाने बोलावत आणि ते मांडवात शिरले की आचारी मुदपाकखान्याचा पडदा ओढून घेत. निर्मळ मनाने आपल्यापुढे कुणी पान वाढले, असे कधी झाले होते ते त्यांना आठवत नसे. त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. काही माणसे पावसाळ्यात छत्री घेऊन फिरतात तसे ते आपले हे एकटेपण बरोबर घेऊन फिरत.

"आता राहिला हा शेवटचा," त्यांनी बोट केले.

कोपऱ्यातल्या पाटावर एक डबा वेगळा मांडला होता. त्यावरच्या पट्टीवर नाव नव्हते. बनुबाई दारातून पुढे आली आणि नाथाजीने हात लावायच्या आत तिने स्वतःच झाकण काढले.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "बाकीचं समदं ह्येंनी सांगलीहून आनलं. ही माझ्या रानातली हाय. मीच लावली, मीच काडली, शिजिवली, वाळिवली. समदी हळकुंडं पेठंत गेली, त्यावर ह्यो पत्रा पडला दुकानाला. येवडी मातूर म्या राखली. गिरनीत सोता हुबी ऱ्हाऊन दळून आनली. म्हनलं, कुनाच्या मिरचीच्या दळपात मिसळाय नगं."

डब्यातून पिवळी धूळ उठली आणि दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात शिरली. ती खाली बसेना. तरंगतच राहिली, वर गेली, पत्र्याच्या छिद्रातून येणाऱ्या दुसऱ्या बारीक किरणाला भेटली. विष्णुपंतांना क्षणभर वाटले, आपण कुठल्याशा मोठ्या फुलाच्या पोटात उभे आहोत. नऊ महिने जमिनीत राहून वर आलेला वास होता तो, ओल्या मातीचा, धुराचा आणि थोडा कडवट. बाहेर उसाची पाने एकमेकांना घासत होती. कुठेतरी पाण्याचे इंजिन टुकटुकत होते आणि तो आवाजही पिवळा असावा असे त्यांना वाटले.

"बगताय काय सायेब, घाला की नळीत," लालासाहेब बाकावरून म्हणाले. "आमची हळद मागल्या साली घातली व्हती. पास झाली."

विष्णुपंतांनी पिशवीतून काचेची नळी काढली. चिमूटभर हळद, थोडे पाणी, वर अॅसिडचे चार थेंब. हे त्यांनी इतक्या वेळा केले होते, की हात आपोआप चाले. हळद लगेच जांभळट गुलाबी झाली. त्यात विशेष काही नसते. चांगली हळदही तशीच होते. वरून पाणी ओतले, की तो रंग विरतो आणि हळद परत आपल्या मूळ रंगावर येते. त्यांनी पाणी ओतले.

रंग विरला नाही.

आणखी पाणी ओतले. नळी काठोकाठ भरली. रंग पातळ झाला, पण तसाच गुलाबी, जांभळा, नळीच्या तळापासून वरपर्यंत उभा राहिला.

त्यांनी दुसरी नळी घेतली. डब्याच्या तळाशी हात घालून तिथली चिमूट काढली. तेच.

दुकानातली गुंगी उतरली. आता त्यांना सगळे नीट, कोरडे दिसू लागले: पाट, डबा, बाईचे पिवळे हात.

"यात रंग आहे," ते हळू म्हणाले.

"हळदीला रंग आसनारच की," बनुबाई म्हणाली.

"तो नव्हे. वरून घातलेला. कपड्याला लावतात तसला."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा कानापर्यंत तापला. "कुनी घातला? म्या? सायेब, पोटच्या लेकरागत राखलीया मी ही हळद. रातीला गवऱ्यांच्या जाळाम्होरं हुबी ऱ्हाऊन डोळं गेलं माझं. आन् म्या रंग घालीन?"

"बनू," नाथाजी म्हणाला. त्याचे दोन्ही हात आता बाजूला सरळ खाली आले होते.

"आवं, तुमी बोला की! गप का बसलाय?"

नाथाजीने डब्याकडे पाहिले. फौजेत त्याने पाहिले होते. पिशवी फाटकी निघाली तर फाडणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही, ज्याच्या ताब्यात आहे त्याचे विचारतात.

विष्णुपंतांनी हे असे बोलणे शेकडो दुकानांतून ऐकले होते. शपथा ऐकल्या होत्या, रडणे ऐकले होते. ते ऐकायचे आणि पिशवीतून तीन बाटल्या काढायच्या, ही रीत. नमुन्याचे तीन भाग, तिन्हीवर लाखेची मोहोर, साक्षीदाराची सही. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक कचेरीत. मग निकाल, मग कोर्ट. विकायला मांडून ठेवणे हाही गुन्हाच, आणि शिक्षा तुरुंगाची. परवाना तर मिळणारच नव्हता. पण यावेळी बाई डोळ्यांत पाहून बोलत होती आणि तिला राग आला होता. खोटे बोलणाऱ्याला सहसा एवढा राग येत नाही, एवढे त्यांना अनुभवाने माहीत होते.

"बाटल्या न्हाई काडत, सायेब?" लालासाहेब उठून जवळ आले. "माझी सही पायजे व्हती न्हवं? च्यायला, ऊन उतरायच्या आत उरकून टाकू. मागं इस्लामपूरच्या एकाला धरलं तवा म्हनं अर्ध्या घंट्यात मोहोर लागली व्हती."

पिशवीची दोरी विष्णुपंतांच्या बोटांत होती.

आणि तेवढ्यात आतल्या दारात मनुबाई आली. नाथाजीची आई. कमरेत वाकलेली, कपाळावर कुंकवाच्या जागी बुक्क्याचा ठिपका. ती भिंतीला धरून पाटापर्यंत आली आणि उन्हात धरलेल्या नळीकडे टक लावून पाहू लागली.

"किती पानी घातलं वं, लेकरा?"

"भरपूर घातलं, आजी."

"आन् रंग जाईना?"

"नाही जात."

म्हातारीने दोन्ही हात जोडले. तिच्या तोंडावर अशी काही शोभा आली, की चौघेही तिच्याकडे बघतच राहिले. "जानारच न्हाई," ती म्हणाली. "देव हाय त्यात."

मग ती विष्णुपंतांना सांगू लागली.

"खंडोबाला पायी ग्येले व्हते मी, यात्रंला. नवस व्हता. माझा नाथाजी जित्ता माघारी आला लढाईतनं, दुकान घालतोय, म्हनलं देवाला सांगून यावं. यात्रंतनं वंजळभर भंडारा आनला. समद्या डब्यात तळाला पुरचुंडी बांदून ठिवली, कुनाला न सांगता. नवसाचं सांगू नये. आन् ह्या डब्यात..." ती लाजल्यासारखी हसली. "ह्या डब्यात म्हनलं पुरचुंडी कशाला बांदायची? हळदीत हळद. समदा वतला आन् हातानं कालवला."

लालासाहेबांचा उजवा हात त्यांना न विचारताच वर गेला. त्यांनी डब्याच्या काठावरची पिवळी चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. मग आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले, आणि ते परत बाकावर जाऊन बसले. बाटल्यांचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

विष्णुपंतांनी यात्रेतल्या भंडाऱ्याचे नमुने कधीच घेतले नव्हते, कारण तो खायला विकत नसत. पण यात्रेतल्या दुकानांच्या पालांतून तो कसा बनतो हे त्यांनी पाहिले होते. जाडसर पीठ, त्यात पुडीतला पिवळा रंग, चटकन उधळता यावा म्हणून सुकवलेला. पालखीवर पडायचा, केसांत बसायचा, वाऱ्यावर जायचा. भाजीत जायचा नव्हे. लहान मुलांच्या दुधात तर नव्हेच.

हे सगळे त्यांना म्हातारीला सांगायचे होते. त्यांनी तोंड उघडलेही. पण तिचे हात अजून जोडलेलेच होते, आणि वाक्य सुरू कुठून करायचे ते त्यांना सुचेना. आजी, तुम्ही विष घातलंत? आजी, तुमचा देव खोटा आहे? एकोणीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे अहवाल लिहिले होते, पण असला कागद त्यांच्याकडे नव्हता.

बनुबाई सासूकडे पाहत होती. मग तिने डब्याकडे पाहिले. ते पाहणे फार लांबले. विष्णुपंतांना वाटले, तिला त्या डब्यात वाफे दिसताहेत, पाटाचे पाणी दिसतेय, पोत्यावर वाळत घातलेली हळकुंडे दिसताहेत.

"आत्याबाय," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता. "पर भंडारा कुनी इकतं का?"

म्हातारी दचकली.

"देवाचं हाय न्हवं? मग ह्ये लोकास्नी मापून कसं द्यायाचं? उद्याच्याला कुनी कोंबडीच्या रश्शात घालील."

"आगं बया!" मनुबाईने तोंडावर हात ठेवला. "आगं व्हय की! माझ्या ध्यानातच आलं न्हाई. कोंबडीत! आता गं?"

"आता काय? देवाचं देवाला द्यायाचं. उद्या पालखी हाय. देवळात नेऊन ठेवू, उधळत्याल समदी."

"समदा डबा?"

"तुमी कालवून ठिवलाय. आता त्यातनं माझी कंची आन् देवाची कंची, कशी निवडू?"

मनुबाई हसली. नाथाजी हसला नाही. तो पाठ फिरवून साबणाच्या वड्या सरळ करू लागला, सरळ असलेल्या वड्या.

"आत्याबाय, तुमी आत जाऊन धाबळी घ्या. देवळात संगं चला," बनुबाई म्हणाली, आणि म्हातारी भिंत धरत आत गेली. ती गेल्यावर बनुबाई विष्णुपंतांकडे वळली. "खरं सांगा सायेब. वाईट हाय व्हय त्यो?"

"उधळायला काही नाही. पोटात जाऊ नये. अगदी चिमूटभरसुद्धा."

"बाकीच्या डब्यातल्या पुरचुंड्या?"

"त्याही काढा. गाठ सैल झाली तर कळायचं नाही."

"काडते. चौकटीला बांदते वर. म्हनीन, देव दारात बसिवला." तिने पदराने हात पुसले. जरा थांबली. मग आत गेली आणि चुलीजवळची मातीची बुटकी बरणी घेऊन आली. "ही घरातली. ह्यातलीच, त्याच दळपाची. ही बगा."

"आता कशाला? ही काही विकायची नाही."

"इकायची न्हाई. पर बगा. माझी हळद चांगली हाय का न्हाई, येवडं मला कळू द्या."

विष्णुपंतांनी तिसरी नळी काढली. चिमूट, पाणी, चार थेंब. रंग उठला. बनुबाईचा पिवळा हात गळसरीवर गेला. विष्णुपंतांनी पाणी ओतले, सावकाश, नळीच्या कडेने. गुलाबी रंग थोडा हलला, फिका झाला, एखादी आठवण पुसट व्हावी तसा कडेकडेने सुटत गेला, आणि नळीत उरली ती साधी, पिवळी, घरातली हळद.

"शुद्ध आहे," ते म्हणाले. "एवढी चांगली हळद मी या वर्षात पाहिली नाही."

"बास," बनुबाई म्हणाली. बरणीला झाकण लावून ती आत घेऊन गेली.

भेसळ सापडूनही बाटल्या पिशवीतच राहिल्या. एकोणीस वर्षांत असे पहिल्यांदाच झाले. नळीतला पहिला रंग त्यांनी पडवीबाहेर निवडुंगाच्या मुळाशी ओतला आणि त्यांच्या मनात आले, की ही चूक आहे का? असेल. वरच्या साहेबांनी विचारले तर आपण काय सांगणार, हेही त्यांना ठाऊक नव्हते. डबा दुकानातून बाहेर निघेपर्यंत त्यांनी कागदाला पेन लावले नाही. बनुबाईने त्याचे झाकण घट्ट बसवले, फडक्याने बांधले आणि पाटावरून उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: दुकानात हळद नाही. बाकी माल पाहिला, स्वच्छ व चांगला. परवाना देण्यास हरकत नाही.

लालासाहेबांनी साक्षीची सही केली, वळणदार, मोडीच्या धाटणीची. पेन परत देताना म्हणाले, "नाथाजी, हळद लागली गिऱ्हाइकाला तर माझ्याकडं धाडत जा. तुजी पिकंपतोर." आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखे, "फुकाट न्हाई देनार, सांगून ठिवतो," असे म्हणून पटका सावरत रस्ता ओलांडून गेले.

"तिला पुढल्या साली पुन्ना लावाय लागंल," नाथाजी म्हणाला. तो हे विष्णुपंतांना सांगत होता की तराजूला, ते कळले नाही.

सांगलीची एसटी पाच वाजता आली. विष्णुपंत पुढच्या दारापाशीच्या जागेवर बसले, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली आणि लगेच थांबली.

रस्त्यात मनुबाई होती. धाबळी पांघरून, काठी टेकत, "सदानंदाचा येळकोट" म्हणत ती गाडीपुढून निवांत चालली होती, गाडी आपल्यासाठीच थांबवली आहे अशा हक्काने. तिच्यामागून बनुबाई येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा. मागून नाथाजी "आगं मी घेतो की," म्हणत पळत आला, तर तिने हाताने त्याला मागे सारले. डब्याला तिचा हात नव्हता. दोन्ही हात मोकळे सोडून, मान ताठ ठेवून ती एकेक पाऊल टाकत होती.

ड्रायव्हरने म्हातारीचा येळकोट ऐकला, चाकावरचे हात काढले आणि जोडले. मागच्या बाकावरच्या दोन माणसांनी टोप्या काढल्या. गाडीभर कुजबुज झाली, देवाचं चाललंय, देवाचं. बनुबाईने गाडीकडे पाहिले नाही. तिला ते दिसलेही नसावे. पलीकडच्या बांधावर चढताना डबा थोडासा कलला, तिने मान एवढीशी वळवून तो तोलला, आणि उसाच्या दोन फडांमधल्या पायवाटेने ती देवळाकडे चालू लागली.

विष्णुपंतांनीही हात जोडले होते. ड्रायव्हरने गियर टाकला तरी त्यांनी ते सोडले नाहीत. उसाच्या पानांवरून तो डबा थोडा वेळ एकटाच पुढे सरकत राहिला, वर जाताना, खाली येताना, अजिबात न हिंदकळता.